दिगंबरकाकांच्या हातच्या गोळ्या

दुसऱ्याच्या हातचं जेवावं, पण दुसऱ्याच्या हातची गोळी मारू नये, असं दिगंबर सरोदे नेहमी म्हणायचे. अदितीने हे त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की नेमबाजीच्या रेंजवर आलेल्या नवख्यांना आता तीच ते इंग्रजीतून सांगायची. आणि तरी एप्रिलमधल्या त्या रविवारी, काकांच्याच आठवणीसाठी ठेवलेल्या मॅचमध्ये, तिने नेमकं तेच केलं.

अदिती मूळची मिरजेची. नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहायची आणि एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करायची. बंदुकीशी तिचा सात पिढ्यांत संबंध नव्हता. ऑफिसातली एक मैत्रीण एकदा गंमत म्हणून तिला रेंजवर घेऊन गेली. कॅरीपासून तासाभरावर, पाइनच्या जंगलात, लाल मातीचे उंच बांध घालून केलेली ती रेंज. तिथे लोक एका जागी उभे राहून नेम धरत नव्हते. टायमरची शिट्टी वाजली की ते कमरेचं पिस्तूल काढून पळत सुटायचे. लाकडी आडोशांमागून पुठ्ठ्याच्या टार्गेटवर दोन-दोन गोळ्या मारायच्या, पोलादी तबकड्या पाडायच्या, पळता पळता गोळ्यांचं मॅगझीन बदलायचं. वेळ कमी आणि नेम चांगला, तो जिंकला. सुरक्षेचे नियम इतके कडक की पिस्तुलाचं तोंड जरा कुठे वाकडं झालं की माणूस घरी. घाबरलेली अदिती मागे उभी राहून बघत असताना पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ जवळ आले. "शर्टावर चिकटवलेलं नाव वाचलं. शेजवळ म्हणजे मराठीच की!"

तेच दिगंबरकाका. त्यांचे वडील वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, काकांचं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. पुढे इंजिनिअर होऊन ते अमेरिकेत आले, नोकरी केली, मुलगी वाढवली, आणि रिटायर झाल्यावर त्यांना या खेळाचं वेड लागलं. रेंजवरचे लोक त्यांना 'डिग' म्हणायचे. अदितीला त्यांनी हाताला धरून शिकवलं. कुठे वळायचं असेल तर डाव्या खांद्यावर दोन बोटांनी टिचकी मारायचे. "पाय आधी, पोरी. पिस्तूल त्याच्या मागून आपोआप येतं."

गोळ्या भरायलाही त्यांनीच शिकवलं. या खेळात काडतुसं इतकी लागतात की बरेच जण वापरलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून घरीच पुन्हा भरतात. गॅरेजमध्ये टेबलाला घट्ट बसवलेलं प्रेस, त्याचा लांब दांडा. दांडा एकदा खाली ओढला, वर सोडला, की पुंगळीच्या बुडाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसतो, आत बारुदाची पावडर पडते, वर शिशाची गोळी बसते. खट्ट, खट्ट. काका तासन् तास बसायचे. त्यांच्या प्रत्येक पुंगळीच्या बुडाला हिरव्या मार्करची रेघ असायची, ती त्यांची खूण.

शेवटच्या वर्षी काका मॅचला येईनासे झाले. गुडघे दुखतात म्हणायचे. फोनवर बोलता बोलता मध्येच थांबायचे, तीच गोष्ट पुन्हा सांगायचे. अदितीला वाटलं, वय झालं. फेब्रुवारीत एका दुपारी नीनाकाकूंचा फोन आला. काका गॅरेजमधल्या खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते. दांड्याचा आवाज थांबला म्हणून काकू चहा घेऊन आत गेल्या, तेव्हा त्यांचा हात दांड्यावरच होता.

महिन्याभराने काकूंनी अदितीला बोलावून घेतलं.

"हे सगळं घेऊन जा बाई," काकू म्हणाल्या. त्या स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारात उभ्या होत्या. उंबरा काही ओलांडत नव्हत्या. "मुलगी तिच्याकडे, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला बॉथेलला ये म्हणतेय. घर विकायचंय. लोक बघायला येतील, त्यांना हे दिसायला नको."

"सावकाश करू ना काकू. घाई काय आहे?"

"घाई आहे." काकूंनी पदर उगाच सारखा केला. "दुपारी चहाच्या वेळेला आवाज येतो. दांड्याचा."

माणूस गेल्यावर घरातले आवाज कानांत राहतात, एवढं अदितीलाही माहीत होतं. तिने काकूंचा हात हातात घेतला. तो गार होता.

टेबलाखाली एक प्लास्टिकचा डबा होता, भरलेल्या काडतुसांचा. झाकणावर काकांच्या वळणदार अक्षरात 'अदिती' लिहिलेलं. तिने डबा उचलला तशी काकू पटकन म्हणाल्या, "तो ठेवणीतला आहे हं. तुझ्यासाठी म्हणून त्यांनी बाजूला काढला होता. टाकवेना मला. पण तू काही त्या मारणार नाहीस, नाही का? ते म्हणायचे ना नेहमी..."

"दुसऱ्याच्या हातची गोळी मारू नये," अदिती हसून म्हणाली. काकूही हसल्या. सुटल्यासारखं हसल्या, असं अदितीला नंतर आठवलं.

प्रेस अदितीच्या गॅरेजमध्ये आलं. तिचा नवरा अमेय घरूनच काम करायचा. त्याला या छंदाचं प्रेम नव्हतं, पण तक्रारही नव्हती. आठवड्याने ती ऑफिसातून आली तर तो विचारतो, "दुपारी तू मध्येच घरी येऊन गेलीस का?"

"नाही. का?"

"मी कॉलवर होतो. खाली ते तुझं मशीन चालू होतं. खट्ट, खट्ट. मला वाटलं तू लवकर आलीस, म्हणून कॉल संपल्यावर चहा टाकला. बघतो तर तू नाहीसच."

"वॉटर हीटर असेल."

"असेल," अमेय म्हणाला. पण त्याने गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दाराला त्या दिवसापासून कडी घालायला सुरुवात केली. असली गोष्ट तो कधी करत नसे.

अदितीने खाली जाऊन बघितलं. दांडा वर होता, तिने ठेवला होता तसाच. पुंगळ्यांचं भांडं रिकामं, पावडरचं भांडं रिकामं. दांड्याच्या टोकाचा लाकडी गोळा मात्र तिला कोमट लागला, कुणीतरी आत्ताच हात काढून घेतल्यासारखा. पश्चिमेचं ऊन खिडकीतून तिथे पडत असेल, असं म्हणून तिने तो विषय मिटवला. गॅरेजची खिडकी उत्तरेला होती, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती वर येऊन पोळ्या लाटत होती.

मॅचच्या दिवशी सगळीकडे पाइनचा पिवळा पराग पडला होता. गाड्या पिवळ्या, टेबलं पिवळी, माणसांच्या टोप्यासुद्धा. वेन नावाचा उंच, संथ बोलणारा म्हातारा तिथला रेंज ऑफिसर होता. काकांचा तिथला सगळ्यात जुना दोस्त. सुरुवातीला त्याने टोपी काढली, डिगबद्दल दोन शब्द बोलला, आणि टोपी पुन्हा घातली.

अदितीची मॅच वाईट चालली होती. तबकड्या चुकत होत्या. काकांचा डबा तिने बॅगेत नुसता सोबत म्हणून आणला होता. शेवटच्या फेरीआधी ती सावलीत एकटीच बसली होती, तेव्हा तिने झाकण उघडलं. काडतुसं एका ओळीत, स्वच्छ, प्रत्येकाच्या बुडाला हिरवी रेघ. एखाद्याने आपल्यासाठी हाताने इतकं काही करून ठेवलेलं असावं आणि आपण ते नुसतं बघत बसावं, हे तिला सहन होईना. दोन-चार तिने हातात घेऊन बघितली. बाहेरून एकही खोट नव्हती. ही एक फेरी काकांची, असं मनाशी म्हणत तिने इथूनतिथून उचलून मॅगझिनं भरली.

वेन टायमर घेऊन मागे उभा राहिला.

"आर यू रेडी?"

तिने मान हलवली.

"स्टँड बाय."

शिट्टी वाजली. त्यानंतर जे झालं ते अदितीने पुढे अमेयला सांगायचा प्रयत्न केला, पण तिला ते नीट जमलं नाही. पिस्तुलाने हाताला झटका दिलाच नाही. समोरच्या पुठ्ठ्यावर एकाला एक लागून दोन काळी भोकं पडली. पहिल्या आडोशापाशी ती पोचते न पोचते तोच डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकली आणि ती आपसूक वळली. तबकड्या एकामागून एक मागे कलंडल्या. पाय आधी जात होते, पिस्तूल मागून येत होतं. आयुष्यात ती इतकी सहज धावली नव्हती. आणि या सगळ्यात बार उडाल्याचा आवाज नव्हताच. कानांवरच्या आवाजरोधक मफ्समधून तिला पायांखालची खडी ऐकू येत होती, तबकडीला शिसं लागल्याचा टणकार ऐकू येत होता, आणि प्रत्येक वेळी चाप ओढला की एकच आवाज, अगदी कानाशी: खट्ट. खट्ट. खट्ट.

ती थांबली. पिस्तूल रिकामं करून दाखवलं, कमरेला लावलं. कुणी टाळी वाजवली नाही. एक तरुण मुलगा शेवटी ओशाळं हसून म्हणाला, "मॅन, डिगने एकदम सॉफ्ट लोड केल्यात, पावडर नावालाच." बाकीचे कुणी हसले नाहीत. ते एकमेकांकडे बघत होते.

वेन टायमरकडे बघत होता. त्याने तो हलवला, बटण दाबलं, पुन्हा बघितलं. गोळीच्या आवाजावर चालणारं ते यंत्र. शिट्टीनंतर प्रत्येक बार ते ऐकतं आणि त्याची वेळ दाखवतं. स्क्रीनवर शून्य होतं. शिट्टीनंतर त्याने काही म्हणजे काही ऐकलं नव्हतं.

"टायमर गेला," वेन म्हणाला. तरी त्याने तोच टायमर तोंडाजवळ धरून एक टाळी वाजवली. यंत्राने ती इमानदारीत नोंदवली. वेनने ते खिशात टाकलं आणि दुसरा मागवला. "नियम आहे, अदिती. वेळ नसेल तर फेरी पुन्हा. सॉरी, हनी. अशी रन मी कधी बघितली नव्हती."

लोकांनी टार्गेटवरची भोकं चिकटपट्ट्या लावून बुजवली, तबकड्या उभ्या केल्या, जमिनीवरच्या पुंगळ्या वेचून तिच्या टोपीत आणून ठेवल्या. अदिती बाजूला जाऊन उभी राहिली. तिला थंडी वाजत होती. पुन्हा डबा उघडावासा वाटेना. बॅगेत तिची स्वतःची भरलेली मॅगझिनं होती, ती तिने काढली. पण काकांना अगदीच वगळलं असंही वाटायला नको, म्हणून पहिल्या मॅगझिनमध्ये सगळ्यात वर तिने त्यांची एकच गोळी ठेवली, नैवेद्यावर तुळशीचं पान ठेवावं तशी.

"स्टँड बाय."

शिट्टी. तिने चाप ओढला. फुस्स, असा ओला, दबलेला आवाज आला आणि पिस्तूल तसंच राहिलं. पुठ्ठ्यावर भोक नाही. अशा वेळी वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालतात. तिने वरचा भाग मागे खेचला, पुंगळी बाहेर उडाली, खालची गोळी वर आली. ती तिची स्वतःची गोळी होती, भरपूर पावडरची. बोट चापावर गेलं.

तेवढ्यात वास आला. बारुदीचा नव्हे. तव्यावर मंद आचेवर काहीतरी परततानाचा, दिवाळीच्या आदल्या दिवशी घराघरांतून येतो तसा खमंग वास. इथे, या लाल मातीत, पिस्तुलाच्या तोंडातून. तिला तो ओळखू येईपर्यंत एक क्षण गेला, आणि त्या क्षणात बोट थांबलं.

"स्टॉप! स्टॉप! स्टॉप!" वेन ओरडला. इतक्या वर्षांत त्याला कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं.

ती दगडासारखी उभी राहिली. वेनने शांतपणे एकेक सूचना देत पिस्तूल रिकामं करवून घेतलं, मग नळी काढून उजेडात धरली. पलीकडचं आभाळ दिसत नव्हतं. काकांची गोळी मध्येच अडकून बसली होती. पाठोपाठ दुसरी सुटली असती तर नळी अदितीच्या हातातच फुटली असती.

त्याने नळी टेबलावर उलटी आपटली. गोळीच्या मागून बारीक, काळपट दाणे सांडले. काही करपलेले, काही तसेच.

"ही कुठली पावडर?" वेनने विचारलं. "मी अशी कधी बघितली नाही."

अदितीने बोटाने दोन दाणे उचलले. लॅबमध्ये आयुष्यात जे केलं नसतं ते केलं: जिभेवर ठेवून चावले.

"खसखस," ती मराठीतच म्हणाली. मग त्याला समजेल असं सांगितलं. "पॉपी सीड्स, वेन. बेगलवर लावतात ना, त्या."

वेनच्या ट्रकमध्ये गोळी पुंगळीपासून सोडवायचा हातोडा होता. टेबलावर बसून त्यांनी डब्यातली उरलेली काडतुसं एकेक करून उघडली. एकात खसखस. दुसऱ्यात खसखस. कडेच्या ओळीत, मधल्या ओळीत, तळाशी, सगळीकडे. पावडरचा एक कण नाही. बघता बघता टेबलावर निळसर काळी रास झाली आणि वाऱ्याने तिच्यावर पिवळा पराग बसू लागला.

"पण मघाशी," वेन म्हणाला. त्याने तिच्या टोपीकडे बोट दाखवलं.

अदितीने टोपी पुढे ओढली. मघाच्या फेरीतल्या पुंगळ्या. बुडाला हिरव्या रेघा, मधल्या प्रायमरवर ठोका बसलेला. पिस्तुलातून उडून पडलेली पुंगळी आतून काजळीने काळी असते आणि तिला जळका वास येतो. या आतून पिवळ्याधमक, लख्ख होत्या. एकीत तळाशी चार दाणे होते. करपलेले नव्हते.

ती उठून पहिल्या टार्गेटपाशी गेली आणि नखाने चिकटपट्टी उचकटली. खाली भोक होतं. दोन भोकं, एकाला एक लागून.

वेन मागून आला. त्याने ती भोकं बघितली, चिकटपट्टी हळूच पुन्हा जागेवर दाबून बसवली, जखमेवरची पट्टी बसवावी तशी. "डिगच्या बायकोकडे जाऊन ये," तो म्हणाला. "आणि डबा मला दे. प्रायमर अजून जिवंत आहेत, मी त्यांची नीट विल्हेवाट लावतो."

अदिती तशीच, पिवळ्या बुटांनी, सरळ काकूंकडे गेली. दुपार टळली होती. घरात खोकी बांधून ठेवलेली. काकूंनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि चहाचं आधण ठेवायला आत वळल्या.

"काकू, त्या गोळ्यांमध्ये खसखस होती."

काकूंची पाठ तिच्याकडे होती. ती ताठ झाली. "मारलीस?"

"मारली. थोडक्यात हात वाचला माझा."

काकू मटकन खुर्चीत बसल्या. थोडा वेळ त्या नुसत्या अदितीचे हात बघत राहिल्या, दोन्ही हात, पालथे घालून, उलटे करून, लहान मुलाचे बघावेत तसे. मग बोलू लागल्या.

काकांचं विसरणं गेल्या पावसाळ्यापासून वाढलं होतं. गाडीची किल्ली काकूंनी काढून घेतली, मॅच बंद झाल्या. पण गॅरेज बंद करवेना. एकदा त्या आत गेल्या तर काका दांडा ओढत होते, आणि पुंगळी भरून, ओसंडून पावडर टेबलावर, मांडीवर, जमिनीवर पडत होती. त्यांना ते दिसतच नव्हतं. वर टेबलावर उदबत्ती लावलेली.

"मुलगी म्हणाली, मशीन काढून टाक. काढलं असतं तर ते आठ दिवस जगले नसते गं. सकाळी उठले की विचारायचे, आज किती भरायच्या? मी म्हणायची, भरा की, अदितीला लागतील." काकूंनी डोळे पुसले नाहीत, पाणी वाहू दिलं. "अनारशांसाठी एकदा इथल्या दुकानातून खसखस आणली होती, चुकून. ही अशी काळी-निळी निघाली, तशीच पडून होती. दिसायला हुबेहूब त्या पावडरसारखी. मी सगळी पावडर बाहेर हिरवळीवर पसरून टाकली आणि बाटल्यांत ती भरली. संपली की पुन्हा आणायची. त्यांना कधी कळलं नाही. किंवा कळलं असेल, आणि माझ्यासाठी गप्प बसले असतील. त्यांचं काही सांगता यायचं नाही."

"मला सांगायचंत ना, काकू!" अदितीचा आवाज चढला. "डबा देताना तरी! मी मेले असते!"

"हो," काकू म्हणाल्या. "सांगायला हवं होतं. तू मारणार नाहीस अशी खात्री होती, आणि सांगितलं असतं तर ते वेडे झाले होते हे तुला कळलं असतं. तुझ्यासमोर तरी ते शहाणेच राहावेत, असं वाटलं मला."

चहा उकळून उतू गेला. अदितीने उठून गॅस बंद केला. राग होता, पण त्याला आता धार उरली नव्हती. ओट्याला टेकून ती म्हणाली, "काकू, अख्ख्या डब्यात खसखसच होती का? नक्की? आधीच्या काही चांगल्या राहिल्या असतील?"

"अगं, तो डबा त्यांनी थंडीत भरला. दिवाळीपासून त्या गॅरेजमध्ये पावडर नव्हतीच."

अदितीने मग पहिल्या फेरीचं सगळं सांगितलं. टार्गेटवरची भोकं, शून्य दाखवणारा टायमर, खांद्यावरची बोटं. काकूंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "बार उडाल्याचा आवाज झाला नाही?"

"नाही."

"खट्ट, खट्ट?"

अदितीने मान डोलावली.

काकूंनी गॅरेजच्या बंद दाराकडे बघितलं. "म्हणजे तुझ्याकडे आले होते तर," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, थोडा हेवाच होता. "तरीच गेले दोन आठवडे इथे शांत आहे."

बॉथेलला जायच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. त्यांना रेंज बघायची होती. काका इतकी वर्षं जात होते, पण त्या एकदाही गेल्या नव्हत्या.

अदितीने सुट्टी घेतली. आडवारी तिथे चिटपाखरू नव्हतं. पावसाने पराग धुऊन गेला होता, माती ओली, लालभडक झाली होती. अदितीने त्यांना शेवटच्या फेरीची जागा दाखवली: इथे उभं राहायचं, इथून वळायचं, त्या तबकड्या. काकू साडी सावरत त्या खडीवरून सगळ्या वाटेने चालल्या. प्रत्येक आडोशापाशी थांबल्या. शेवटच्या तबकडीपाशी त्यांनी तिला हाताने हलकेच ढकललं. ती टणकन मागे पडली आणि जंगलातून पाखरं उडाली. काकू मान एका बाजूला कलती करून थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग तिथेच कुणाशी तरी बोलल्यासारखं म्हणाल्या, "चला आता. उशीर होतोय."

"चला" म्हणाल्या. अदितीला त्या एरवी "चल" म्हणत.

येताना हायवेच्या कडेला भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगांची पाटी दिसली तशी काकूंनी गाडी थांबवायला लावली. तिथे एक बाई मोठ्या पातेल्यातून गरम, खारट शेंगा कागदी पिशवीत भरून देत होती. "इकडे आलो तेव्हा पहिल्यांदा खाल्ल्या तर रडूच आलं होतं यांना," काकू म्हणाल्या. "म्हणाले, नीना, इथे पण माणसंच राहतात."

गाडी सुरू झाली. काकू पुढच्या सीटवर बसून शेंगा सोलून खात होत्या, मधूनच एखादी अदितीच्या हातावर ठेवत होत्या. मग त्यांनी पिशवीतून मूठभर शेंगा काढल्या, कागदी रुमाल उघडला, आणि काही न बोलता, मागे वळून, तो मागच्या सीटवर ठेवला. पुन्हा सरळ बसल्या आणि खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

पाइनची झाडं मागे पळत होती, रस्ता सरळ होता. थोड्या वेळाने मागून एक बारीकसा, ओला आवाज आला, काहीतरी सोलल्यासारखा. मग थोडं थांबून पुन्हा. काकूंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

अदितीने हात वर नेला आणि समोरचा आरसा छताकडे वळवून टाकला. मग दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरून ती कॅरीच्या दिशेने गाडी चालवत राहिली. लेन बदलायची वेळ आली तरी मागे वळून न बघता नुसता इंडिकेटर द्यायची, देवाचं नाव घ्यायची, आणि लोक आपल्याला जागा देतील यावर भरवसा ठेवायची.